कुजबुजरावांनी गिळलेला शब्द

नाटक कंपनीत चाळीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात छोटी टॉर्च, आणि नट अडखळला रे अडखळला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचा. त्यावरूनच त्यांचं नाव कुजबुजराव पडलं. नट मनात तीन मोजेपर्यंत बोलला नाही की हे बोललेच. निवृत्त झाले, पण जित्याची खोड जाते कुठे? घरात बायकोने ‘अहो, ते हे कुठे...’ म्हणायचा अवकाश, हे ‘चष्मा, कपाटावर’ म्हणून मोकळे. बायको शोधत असायची कात्री. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एक वाक्य धड पुरं करू दिलेलं नाही, असं ती येईल त्याला सांगायची. तेही वाक्य बहुधा हेच पुरं करायचे.

आता पंचाईत अशी झाली की त्यांच्या मुलीने कंपनीचं सगळ्यात गाजलेलं नाटक पुन्हा बसवायला घेतलं. छापलेली प्रत कुठेच मिळेना. संपूर्ण वही उरली होती एकच, ती कुजबुजरावांच्या ट्रंकेत. ते म्हणाले, देतो, पण त्यातला एक शब्द कापायचा नाही. मुलीला नेमकं तिसऱ्या अंकातलं बापाचं भाषण कापायचं होतं. बारा वर्षांनी मुलगा घरी येतो तेव्हाचं ते भाषण, ज्याला हमखास टाळी पडायची. झालं! बाप-लेकीचं आठ दिवस बोलणं बंद. तालमीची तारीख तोंडावर आली तरी ट्रंकेची किल्ली कुजबुजरावांच्या कमरेलाच होती.

शेवटी मुलगीच नमली. म्हणाली, या नाटकावर पूर्वी सिनेमा निघाला होता, तो पुन्हा लागलाय, एकदा बघा. मग म्हणाल तसं करीन. आता त्या सिनेमाला हे जन्मभर पाण्यात पाहत आलेले. नाटकवाल्यांचं अन्न पळवलं म्हणून शिव्या घातलेल्या, आणि तेही न बघता! पण लेकीचा शब्द मोडवेना.

दोघं दुपारच्या खेळाला गेले. पहिला अर्धा तास कुजबुजराव नाक मुरडून बसले. हे वाक्य गाळलं, ते मागेपुढे केलं, असा हिशेब चालू होता. मग हळूहळू तो हिशेब सुटला. बापाचं काम करणारा नट आवाज चढवतच नव्हता. साधा पाण्याचा पेला उचलायचा, तर त्यातही रुसलेला बाप दिसायचा. कुजबुजरावांनी किती बाप पाहिले होते! पण हा त्यांना आपल्या ओळखीचाच वाटायला लागला, आणि ते जरा अस्वस्थ झाले.

मग तो प्रसंग आला. दारात मुलगा उभा. बाप बघतोय. नुसता बघतोय. कुजबुजरावांनी मनात मोजलं, एक, दोन, तीन. नट काही बोलेना. अडकला बिचारा!

“बारा वर्षं...” ते कुजबुजले.

पडद्यावरचा बाप ढिम्म. पुढच्या रांगेतली बाई मात्र वळली. कुजबुजरावांना कुठलं भान! त्यांनी जरा आवाज चढवला.

“बारा वर्षं या दाराला कडी लावली नाही...”

चार रांगा खदखदून हसल्या. लेकीने रुमाल तोंडात कोंबला. आणि तेवढ्यात पडद्यावरच्या बापाने टेबलाखालून दुसरी खुर्ची ओढली, सदऱ्याच्या बाहीने ती पुसली, आणि पुन्हा पुसली. बस्स, एवढंच. हसणारे एकदम चूप झाले. कुजबुजरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ज्या भाषणाची त्यांनी चाळीस वर्षं राखण केली, ते सगळं त्या माणसाने एका बाहीने सांगून टाकलं होतं. त्यांना वाईट वाटलं आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. असलं काम बघायला मिळालं, हेच केवढं!

घरी येताच त्यांनी ट्रंक उघडली. वहीत ते पान काढलं, भाषणावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘इथे कोणी बोलू नये. मीसुद्धा.’ वही लेकीच्या हातात दिली.

तिने ते वाचलं. म्हणाली, “बाबा, मला ना...” आणि थांबली.

कुजबुजरावांच्या ओठांवर शब्द तयार होता. ‘माफ करा’, दुसरं काय असणार! एक, दोन, तीन झाले. बायको चहाचा कप हातात धरून बघत राहिली. चार झाले, पाच झाले. कुजबुजरावांनी शब्द गिळला आणि तोंड घट्ट मिटलं.

“मला पहिल्या प्रयोगाला तुम्ही विंगेत हवे आहात,” लेक म्हणाली. “तुम्ही तिथे नसलात तर मला भीती वाटते.”

हे वाक्य त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हतं. त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

“हो म्हणा,” ती कुजबुजली.