सामाईक टाकी

आमच्या गॅरेजमध्ये त्याला सगळे थेंब्या म्हणतात, आणि मला विचाराल तर हे नावही त्याच्या मानाने मोठंच आहे. बर्फ पोचवण्याचा धंदा. बापाने मागे ठेवलेली डिझेलची जुनी पिकअप धाकट्या भावाशी सामाईक. सकाळी हा बर्फ नेणार, दुपारनंतर तो लोकांचं सामान हलवणार.

मध्यंतरी गाडी चढावर दगा द्यायला लागली. सपाटीला ठीक, चढ आला की धापा टाकून बंद. जरा थांबलं की पुन्हा चालू, पण तोवर मागे बर्फाचं पाणी. मासळीवालीने बजावलं होतं, "आणखी एकदा उशीर झाला, तर बर्फ दुसऱ्याकडून घेईन." त्या एका गिऱ्हाइकावर थेंब्याची चूल पेटत होती.

मी फिल्टर बदलला. लगेच काळा पडला. कुठे हवा ओढतेय का म्हणून पंपाआधी पारदर्शक नळी लावून पाहिली. बुडबुडा नाही, पण डिझेलच धड येत नव्हतं. शेवटी टाकी उतरवली. तळाला पाणी, त्यावर काळा बुळबुळीत गाळ, आणि आतल्या जाळीवर शेंबडासारखा थर. असा वास, की माझा जेवणाचा डबा तसाच घरी परत गेला.

"टाकी भरलेली ठेवत नाहीस का रे?"

"भरून ठेवू? आणि दुपारी त्याने फुकट फिरवायची?"

मग उलगडा झाला. दोघंही आपापल्या फेरीपुरतंच डिझेल घालायचे. काटा बंद, म्हणून टाकीत बुडवून बघायला दोघांच्या दोन काठ्या. उरलंसुरलं नळीने ओढून घरी. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं आणि पाण्यात ही घाण वाढते. एका आईच्या पोटची माणसं! गाळाची आली नाही एवढी किळस मला त्यांची आली.

टाकी धुतली, जाळी साफ केली, नवा फिल्टर घालून हवा काढली. म्हटलं, "अर्धं तू घाल, अर्धं तो, पण टाकी भरा. नाहीतर माझ्या दारात येऊ नका." थेंब्याने नंदीबैलासारखी मान डोलावली.

दुसऱ्याच सकाळी त्याचा फोन. गाडी त्याच चढावर. शिव्या घालत पोचलो. टाकीचं झाकण नुसतंच टेकवलेलं, आत ठणठणाट. रात्री धाकटा नळी घालून गेला होता; तळाशी राहिलेल्या घोटभर डिझेलवर गाडी चढापर्यंत आली होती. मागून बर्फाचं पाणी रस्त्यावर ओघळत होतं, आणि मासळीवालीने नुकतंच फोन करून कायमचं तोडून टाकलं होतं. मला वाटलं, आता हा रडणार. मनात म्हटलं, काही झालं तरी बायकापोरांचा माणूस आहे.

तर थेंब्या हसत होता. चक्क हसत होता.

"बरं झालं तुझं ऐकलं नाही," तो म्हणाला. "टाकी भरली असती, तर सगळंच नेलं असतं त्याने. मी फेरीपुरतंच ठेवलं होतं. तांब्याभरसुद्धा लागलं नसेल त्याच्या हाती!"