रुपरावांचा मोडेम आणि उमरेडचा नंबर

पाचपावलीच्या रुपराव सोनकुसरे यांना कुणाला काही विचारण्याचा भारी तिटकारा. लकडगंजच्या एका आरागिरणीच्या ऑफिसात सारी नोकरी त्यांनी कुणालाही काही न विचारता काढली. मालकानेही त्यांना कधी काही विचारलं नाही. त्यामुळे आपण हुशार आहोत ही त्यांची समजूत निवृत्तीनंतरही शाबूत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीतला सिमेंट रस्ता पुन्हा खोदायला घेतला. तो नुकताच चांगला झाला होता, एवढं कारण पुरेसं होतं. खोदकामात इंटरनेटची केबल तुटली आणि कंपनीचा माणूस रोज "आज येतो" म्हणू लागला. मोबाइलवर नेट चालू होतं, पण रुपरावांना स्वतः लावलेलं नेट हवं होतं. घरचा जुना टेलिफोन खांबावरच्या तारेमुळे बचावला होता. त्यांनी माळ्यावर चढून धुळीत पडलेला मोडेम आणि त्याच्या वयाचा कम्प्युटर खाली उतरवला.

"त्याचं पुस्तक कुठी हाय?" त्यांच्या बायकोने, देवकीबाईंनी विचारलं.

"पुस्तक अडाण्यायले लागते वं," रुपराव म्हणाले.

मोडेमचा चार्जर हरवला होता. रुपरावांनी मेलेल्या रेडिओचा चार्जर लावून पाहिला. पिन बसली, म्हणजे करंटही बसणार, असा त्यांचा हिशेब. दैवाने तो खरा ठरवला आणि लाल दिवे लागले. मागे फोनच्या तारेसाठी सारखी दिसणारी दोन भोकं होती. रुपरावांनी वरचं निवडलं, कारण ते वर होतं. कम्प्युटर म्हणाला, डायल टोन नाही. रुपरावांनी तार फुंकली, डबा थोपटला, शेवटी कम्प्युटर खोटं बोलतो असं जाहीर केलं. तेवढ्यात देवकीबाईंचा झाडू लागून तार निसटली. घाईघाईत ती खालच्या भोकात गेली आणि टोन मिळाला. याला रुपराव प्रयोग म्हणाले.

आता कम्प्युटरने विचारलं, कोणता नंबर लावू? इंटरनेटचा जुना नंबर केव्हाच बंद पडला होता. पण हे त्यांना कोण सांगणार? रिकामी चौकट पुढे जाऊ देईना, म्हणून त्यांनी तोंडपाठ असलेला एकमेव नंबर टाकला. तो उमरेडच्या थोरल्या बहिणीच्या, प्रयागबाईंच्या घरच्या फोनचा. प्रयागबाईंच्या मुलीच्या, भावनाच्या लग्नात भर पंगतीत "बाईच्या पुडाच्या वडीत तेलच तेल हाय" असं रुपराव बोलले होते. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद होतं. मशीन परस्पर बोलणार असल्याने त्यांना काही धोका वाटला नाही.

मोडेमने नंबर फिरवला, शिट्टी मारली, खरखर केली. "लागलं," रुपराव म्हणाले आणि समाधानाने जेवायला गेले. मोडेम आज्ञाधारक होता. लाइन तुटली की तो पुन्हा उमरेडला फोन लावायचा.

दिवस कलता कलता रस्त्यावरची खणती ओलांडून प्रयागबाई दारात उभ्या राहिल्या. लुगड्याला माती, हातात पिशवी, चेहरा उतरलेला. रुपराव बनियनवर बसून आंबा चोखत होते.

"बोल गा रुप्या," त्या म्हणाल्या. "बोलून दाखव पहिले."

"काय बोलू?"

"फोनवर तुहा नंबर दिसे. उचलला का नुसती शिट्टी अन् घरघर. मी उलटा लावला त तुही लाइन बिझी. तुहा मोबाइल नंबर मीच रागात काढून टाकला होता. मले वाटलं, लकवा मारला याले, अन् बोलाची कोशिश करून राहिला."

"काही नाही झालं मले. मी इंटरनेट लावून राहिलो होतो."

प्रयागबाई खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी भावाची अक्कल काढली. त्यात त्यांनी बालपणापासूनचं काही वगळलं नाही. मध्येच उठून रुपरावांनी माठातलं पाणी स्वतःच्या हाताने आणून दिलं. देवकीबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. लग्न झाल्यापासून हे दृश्य त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बाई," रुपराव हळूच म्हणाले, "उन्हातानाचं काहून आली इतक्या दूर?"

"भाऊ हायस ना," त्या पाणी पिता पिता म्हणाल्या. "जसा हायस तसा."

तिकडे मोडेमने पुन्हा उमरेडचा नंबर फिरवला. रिकाम्या घरात फोन वाजत राहिला.