पिंपळाखालचा फोटो

देवांचे जुने फोटो कचऱ्यात टाकवत नाहीत, म्हणून आमच्या कराडात लोक ते घाटावरच्या पिंपळाखाली आणून ठेवतात. मी सकाळी फिरायला जाते तेव्हा एक फौजी आजोबा तिथं रोज दिसायचे. लेकाच्या फ्लॅटात राहायला जायचं म्हणून घर आवरत होते. रोज एक फोटो आणायचे, खांद्यावरच्या टॉवेलानं काच पुसायचे आणि हात जोडायचे.

परवाचा फोटो बघून मी हबकलेच. अंगात वर्दी, पिळदार मिशा!

"आवं आजोबा, हा तर तुमचाच फोटो!"

"व्हय की. मी गेल्यावर पोराला ह्यो टाकवायचा न्हाई. म्हनून मीच आनला."

त्यांनी शांतपणे काच पुसली आणि रोजच्या सवयीनं हात जोडले.