एक स्थानिक शेतकरी

"शर्ट काढ," सर म्हणाले. "बनियनसुद्धा."

कापड्यात, माझ्या गावी. आमच्याच खळ्यावर. समोर अख्खी वाडी बसलेली. बायका कडेला, म्हातारे पुढं, आणि सगळ्यांच्या पुढं माझे बाबा, धुतलेली टोपी घालून.

बेत मुळात माझाच. तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता. आम्ही पुण्यातल्या एका संस्थेत, तो न बघताच, कॅमेऱ्याचं काम शिकत होतो. सरावाला शेतीवरची फिल्म करायची ठरली, तर मी शहाण्यानं हात वर केला. सर, आमच्या गावाला चला, जाताना आंबेनळीचा घाटही बघाल. गावालाही कळवून टाकलं, पोरगा कॅमेरा चालवणार. त्या दिवशी कॅमेऱ्यावर पाळी माझीच होती. बाबा पार पोलादपुरापर्यंत सांगून आले होते. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, इतका कडक की मान वळत नव्हती.

सरांना अडाणी शेतकरी हवा होता. आधी भात चुकीचं झोडणारा, मग साहेबाकडून शिकणारा. पण जमलेला एकेक जण लग्नाला आल्यासारखा नटलेला. सरांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हा चेहरा तयारच आहे."

सोबतची मुलं हसली. मीही हसलो. मला वाटलं, कौतुक चाललंय.

शर्ट गेला. घरातला मळका पंचा आला. सरांनी पेंढी उलटी हातात दिली. लोंब्या मुठीत, बुडखे फळीवर. तोंड उघडं ठेव, म्हणाले. अजून उघड. कळत्या वयापासून भात झोडलेला मी, आपटत राहिलो. दाणा पडेना.

चुलती पदराआडून बोलली, "पुन्याला जाऊन ह्यो झोडनी पन इसरला गो."

खळं खदखदलं. बाबा हसले नाहीत. उठले. सरांपाशी गेले, टोपी काढून हातात घेतली.

"सायेब, आज कॅमेऱ्यावर पोराची पाळी हाय ना?"

सर त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "या माणसाला बाजूला बसव."

"ते माझे वडील आहेत, सर."

"मग तर तुझं ऐकतील."

मी तोंड मिटलं. पेंढी खाली ठेवली. तसाच उघडा, पंच्यावर, कॅमेऱ्यापाशी गेलो.

"आता माझी पाळी, सर."

"हात बघ ते. पुसून ये आधी."

नाही पुसले. कॅमेऱ्याचा दांडा धरला, डोळा लावला, कॅमेरा सरांवर वळवला आणि बटण दाबलं. भिंगात सर दिसले. तोंड उघडं. मनात म्हटलं, अजून उघडा.

तेवढ्यात मुलांपैकी कुणीतरी फोटो काढला.

संस्थेनं पटावरून माझं नाव काढून टाकलं. फोटो मात्र ठेवला. पुढं त्यांच्या माहितीपुस्तकात तो छापला. बूटवाली मुलं रांगेत, मधे पंच्यावर मी, डोळा कॅमेऱ्याला. खाली ओळ: 'प्रशिक्षणार्थी, आणि कुतूहलाने कॅमेरा न्याहाळणारा एक स्थानिक शेतकरी.'

महाडात माझं फोटोचं दुकान आहे. ते पान चौकटीत घालून दर्शनी लावलंय, खालच्या ओळीसकट. गिऱ्हाईक वाचतं, हसतं, विचारतं. मी सांगतो. कुतूहल नव्हतं ते. फिल्म फिरत होती.

तेव्हापासून कुणाच्या सांगण्यावरून हात पुसलेले नाहीत. पुसणार नाही.