केसांची पिशवी

माझी नोकरी सुटता सुटता वाचली ती आईच्या एका कॅरीबॅगमुळे.

सांबऱ्याहून मी बेळगावला एका फाउंड्रीत जाते. कॉम्प्युटरवर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची, हे काम. संक्रांतीनंतर नोकरी लागली, त्याच आठवड्यात स्कूटर आली, आणि महिन्याभरात हेल्मेट काढलं की आत केसांचा पुंजका दिसू लागला. वय तेवीस आणि भांग बोटभर रुंद. मी घाबरले होते, उगाच शूरपणाचा आव कशाला आणू?

आप्पांनी लगेच निकाल दिला. "त्ये हेल्मेट आन् त्यो कॉम्प्युटर. केसं येईस्तोवर नोकरी बंद."

शेजारच्या आक्कांनी बोअरच्या पाण्यावर खापर फोडलं. त्याच पाण्याने धुतलेली त्यांची वेणी कमरेखाली लोंबत होती. मी तसं तोंडावर सांगितलं, तर दोन दिवस त्यांनी अबोला धरला. खरं म्हणजे मलाही संशय हेल्मेटचाच होता. तरी ठरवलं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय राजीनामा लिहायचा नाही. पहिल्यांदाच स्वतःच्या जिवावर काही मिळालं होतं, ते मी सोडणार नव्हते.

आमच्याकडे विंचरलेले केस टाकत नाहीत. त्यांची गुंडाळी करून पिशवीत ठेवतात आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला देतात. आईची ती पिशवी न्हाणीच्या दाराआड खिळ्याला असते. माझं विंचरून झालं की फणी साफ करते तीही आईच.

"केस कधीपासून जातायत?" आईला घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हेल्मेट घालायला लागल्यापासून," मी म्हणाले.

आईने पदराआडून ती पिशवी काढून सरळ टेबलावर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिवाळीला रिकामी केलती," आई म्हणाली. "म्हैनाभर काय न्हाय. मग मार्गशीर्षातच निम्मी भरली. तवा हिला गाडी बी न्हवती आन् नोकरी बी न्हवती."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्याआधी काही आजार झाला होता का, असं त्यांनी विचारलं. गणपतीत टायफॉइड झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात, बहुधा परतही येतात, असं त्या म्हणाल्या. "पण हे अजून थांबत का नाहीत? तापानंतर खाणं काय होतं?"

तेव्हा पंधरा दिवस हलकं खायला सांगितलं होतं. आईने ते पथ्य पाच महिने ओढलं होतं. डाळ जड, अंडं उष्ण, दूध नको; ऑफिसच्या डब्यातही मऊ भात आणि वर पातळ ताक.

"म्याच दिलं न्हाय तिला," आई म्हणाली. "आतडं नाजूक झालंय म्हणून भ्या वाटायचं."

रक्त तपासलं तर अंगात लोह फार कमी निघालं. गोळ्या मिळाल्या. रोज डाळ, अंडी, पालेभाजी खायची ताकीद मिळाली.

परत येताना आई स्कूटरवर माझ्या मागे बसून रडत होती. मी गाडी थांबवली नाही, थांबवली असती तर मीही रडले असते. गावाच्या तोंडाला दुकान आलं तशी तिने माझा खांदा दाबला. "थांब गं. अंडी घिऊया."

घरी पाऊल टाकताच ती आप्पांना म्हणाली, "सोमवारी ती कामावर जाणार. चूक माझी हाय, हेल्मेटची न्हाय." आप्पा काहीतरी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून चहा मागून मोकळे झाले.

केस जायचे थांबायला अजून तीन महिने लागले. भांडीवाली आली तेव्हा तिने पिशवी हातात तोलून बघितली आणि विचारलं, "वैनी, पुढच्या खेपंला बी एवढी देशील न्हवं?"

"न्हाय," आई म्हणाली. "आता एवढी मिळायची न्हाय तुला."

पिशवीच्या बदल्यात आईने स्टीलचा डबा घेतला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तो उघडला, तर आत दोन उकडलेली अंडी होती, सोलून, मीठ लावून.