काकांची तपासणी, काकूंचं बटण

गवत कापायचं मशीन सुरू करण्याआधी काका त्याची अशी विचारपूस करत, जशी सासरहून आलेल्या लेकीचीही कुणी करत नसेल.

आधी मशीन क्लबच्या मैदानामागच्या आपल्या खोलीसमोरच्या सपाट फरशीवर आणायचं. तिरकं उभं राहिलं की तेल खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. मग तेलाची काडी बाहेर काढायची, जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसायची, आत घालायची, पुन्हा काढायची आणि उजेडाकडे धरून डोळे बारीक करायचे. पेट्रोलच्या टाकीत डोकावायचं, नळीला कुठं ओल आहे का ते बोट फिरवून बघायचं. हवेची जाळी काढून मांडीवर हलकेच आपटायची. प्लगची टोपी काढून ठेवायची, पात्याखाली अडकलेलं कालचं गवत काडीनं उकरायचं, टोपी परत दाबून बसवायची. चाकांचे नटबोल्ट चाचपायचे. शेवटी दोरी थोडी ओढून ती कुठं विरली आहे का ते पाहायचं.

"नाडी बघून झाली असेल तर जीभही बघून घ्या," काकू खिडकीतून म्हणत. घरात आणि मैदानावर त्या काकांना 'आमचे तपासनीस' म्हणायच्या.

"हस तू. मशीन पहिल्या ओढीत सुरू होतं, ते काय हसून होतं?"

होत होतं खरं. काका एक पाय मशीनवर रोवत, दोरीला झटका देत आणि मशीन भडभडून बोलायला लागे. मैदानावर खेळायला येणारी मुलं टाळ्या वाजवत. काका टाळ्या ऐकू न आल्यासारखं करत आणि मिशीवरून हात फिरवत.

मात्र या पहिल्या ओढीची एक गोष्ट फक्त काकूंना ठाऊक होती. मशीनच्या पलीकडच्या बाजूला एक लाल बटण होतं. संध्याकाळी काका ते दाबून मशीन बंद करत. काकांच्या हिशेबात ते बटण बंद करण्यासाठीच होतं, सुरू करायला दोरी होती. दाराच्या घंटीसारखं ते बटणही आपलं आपण जागेवर येतं, अशी त्यांची पक्की समजूत. मशीन नवीन आलं त्या दिवशी क्लबचे लोक भोवती उभे होते आणि काका दोरी ओढून ओढून घामाघूम झाले होते. काकूंनी चिंधी उचलायच्या निमित्तानं वाकून बटण 'चालू'वर केलं. पुढच्या ओढीला मशीन सुरू झालं. तेव्हा काकांचा चेहरा असा काही उजळला, की सांगायचं काकूंच्या जिवावरच आलं.

ते आलं ते आलंच. रोज सकाळी काका चाकाशी वाकले, की काकू त्यांनी मशीनवर ठेवलेला चहाचा रिकामा कप उचलायला जात. कप उचलता उचलता एक बोट पलीकडे जाई. काकू बहिणीकडे गेल्या की मैदानावर गुडघाभर गवत वाढे. "तू गेलीस की मशीन रुसतं बघ," काका म्हणत. काकू गालात हसत. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

पण एका संध्याकाळी घोटाळा झाला. खेळ संपल्यावर पायऱ्यांवर मंडळी बसली होती. कुणीतरी विचारलं, "काका, एवढं मैदान एकटे सांभाळता?"

"एकटाच," काका म्हणाले. "पहिल्यापासून."

मागेच काकू उभ्या होत्या. कोपरापर्यंत चुन्याची फक्की, केसांत फक्की, हातात रेषा आखायची बादली. मैदानावरची प्रत्येक पांढरी रेषा त्यांच्या हातची. घरी जाऊन त्यांनी भांडी जरा मोठ्यानं ठेवली. काकांनी विचारलं, "काय झालं?" काकू म्हणाल्या, "काही नाही." हे उत्तर ऐकून शहाणा माणूस घाबरला असता. काका झोपले.

सकाळी तपासणी सुरू झाली. तेल, पेट्रोल, जाळी, प्लग. काका चाकाशी वाकले. कप मशीनवर तसाच राहिला. काकू बादलीत फक्की चाळत बसल्या. एकटेच सांभाळता ना? सांभाळा.

आणि नेमके तेव्हाच क्लबचे सेक्रेटरी फाटकातून आत आले.

"काका, काल तुमचं बोलणं ऐकलं," ते म्हणाले. "रात्रभर डोक्यात तेच होतं. या वयात एकटा माणूस एवढं मैदान बघतो, हे काही बरं नाही. कमिटी म्हणतेय, बाहेरच्या लोकांना काम देऊन टाकू. तुम्हाला आराम."

काकूंची चाळणी थांबली. काम गेलं म्हणजे मैदानामागची ही खोलीही गेली. खिडकीतून दिसणारं हिरवंगार गवत, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळंच.

"आरामाला काय झालंय मला?" काका म्हणाले. "बघाच तुम्ही. पहिल्या ओढीत!"

त्यांनी पाय रोवला. झटका दिला. मशीननं नुसता उसासा टाकला.

दुसरा झटका. तिसरा. काकांनी पुन्हा तेलाची काडी काढली, पुसली, उजेडाकडे धरली. तेल होतं. पेट्रोल होतं. प्लगची टोपी घट्ट होती. त्यांनी नटबोल्ट चाचपले, मग तेच पुन्हा चाचपले. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "राहू द्या काका. वय होतं माणसाचं."

आता काकूंना राहवेना. राग होता तिथंच होता, पण तो आपला घरचा राग. सेक्रेटरी नेमके बटणाच्या बाजूला उभे. कप उचलायचं सोंग आता चालणार नव्हतं.

"जरा सरका हो साहेब," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांच्या देखत, फक्कीनं माखलेल्या अंगठ्यानं त्यांनी लाल बटण दाबलं. टक्. "हं. ओढा आता."

मशीन पहिल्या ओढीत सुरू झालं.

काकांनी बटणाकडे पाहिलं. त्यावर पांढरा ठसा उमटला होता. मग काकूंकडे. मग मशीनवरच्या कपाकडे. इतक्या वर्षांचे कप त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत, कारण कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मशीन बंद केलं आणि घसा साफ केला.

"काल मी चुकीचं बोललो, साहेब," ते म्हणाले. "एकटा नाही. आम्ही दोघं बघतो. शेवटची तपासणी हिची असते."

"असं होय! मग दोघं आहात हे आधी सांगायचं नाही का? कमिटीला काळजी होती ती एकट्याची."

"मलाही आत्ताच कळलं," काका पुटपुटले.

"मग बाहेरचे लोक राहू देत, मी कमिटीला दोघांची नावं सांगतो. काकू, चालेल ना?"

"आधी तपासनिसांना विचारा," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सगळं यथासांग केलं. दोरी तपासून झाली. बटण कुठं आहे आणि काय करतं, ते आता त्यांना चांगलं ठाऊक होतं. हातभर अंतरावर होतं. ते मशीनपासून दोन पावलं मागे सरले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"अगं, येतेस ना?"

"थांबा जरा. केस विंचरतेय."

"गवत वाढतंय इकडे."

"वाढू दे," काकू आतून म्हणाल्या आणि झालेली वेणी सोडून पुन्हा घालायला बसल्या.