राज्य कवा आलं?

लोणावळ्याला घाट उतरण्याआधी गाडी थांबली, की रेल्वेचा चाकं तपासणारा तो गडी चाकाचाकावर हातोडा मारत जायचा आणि मान वाकडी करून आवाज ऐकायचा. चाकाला तडा असला तर त्याला आवाजावरून कळे. माणसांचं बोलणंही तो तसंच मान वाकडी करून ऐके, मग मला, तिथल्या स्टेशनमास्तरला, हळूच म्हणे, "व्हय, मास्तर."

तो ख्रिस्ती झाला होता. देवाचं राज्य कधीच सुरू झालंय, असं ठामपणे सांगे. आणि दुपारी भाकरीपुढे डोळे मिटून तेच राज्य येऊ दे म्हणून मागे. माझं डोकं चक्रावून जाई.

मूळचा तो इंदुरीच्या गावकुसाबाहेरचा. धर्म बदलला, तरी आमच्या ऑफिसातल्या माठाला त्यानं शिवायचं नाही, मी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं, हा रिवाज तसाच होता.

एकदा पाणी ओतताना मी चिडून विचारलं, "राज्य आलंय, तर रोज मागतोस कशाला? आणि ही ओंजळ कशाला?"

"प्रभू आला तवाच त्ये आलं, मास्तर. पर पुरतं यायचं हाय अजून."

"म्हणजे आलं की नाही? आलं तर इथं कधी आलं?"

त्यानं नेहमीसारखी मान वाकडी केली, ओले हात पुसले आणि हातोडा उचलून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तो सरळ आत आला. माठात पेला बुडवून पाणी प्यायला, पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला.

"कवा आलं, इचारत व्हता न्हवं?"

मी पेला घेतला कसा, मला ठाऊक नाही. तेवढ्यात गाडी आली, तो हातोडा घेऊन गेला. सगळी चाकं वाजवून झाली, गाडी घाटात उतरली, तरी मी तो भरलेला पेला धरून उभाच होतो.